गुरुजींची खाकी ठिगळं

त्या घरात मी भाड्यानं राहिलो तेवढ्या काळात एकाही गाण्याचा मुखडा मला पुरता ऐकायला मिळाला नाही. खोटं सांगत नाही. आमचे घरमालक, म्हणजे गुरुजी, रेडिओसमोर खुर्ची ओढून बसत आणि उजव्या हाताची दोन बोटं कायम आवाजाच्या बटणावर ठेवत. गाणं संपलं, निवेदकानं श्वास घेतला, की बोटं फिरलीच. खोकल्याचं औषध, दंतमंजन, डोक्याचं तेल, सगळे जागच्या जागी मुके. मग गुरुजी अंदाजानं आवाज वाढवायचे, आणि तो अंदाज हटकून चुकायचा. एक तर दंतमंजनाचं शेपूट कानावर यायचं, नाहीतर गाणं थेट कडव्यावर जाऊन पोचलेलं असायचं. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, स्वयंपाकघरातून विचारायच्या, कोणतं गाणं होतं म्हणून. गुरुजी समाधानानं सांगायचे, "ठाऊक नाई. पण मंजन काही ऐकू देलं नाई."

गुरुजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर. मूर्ती बुटकी, टाळूवर औषधालासुद्धा केस नाही, पायजम्यावर कोट आणि बारा महिने बगलेत छत्री. घर इंदोऱ्यात, जरीपटक्याचा बाजार सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे, रस्त्याला लागूनच. छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं कुटुंब. मूलबाळ नव्हतं, म्हणून समोरची खोली भाड्यानं द्यायचे, आणि कुहीहून शहरात नोकरी शोधायला आलेल्या मला ती मिळाली. जाहिरात या गोष्टीशी या माणसाचं काय वाकडं होतं ते पहिल्या आठवड्यातच कळलं.

सिनेमाला गेले तरी तीच तऱ्हा. दिवे मालवले आणि पडद्यावर दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या, की गुरुजी छत्री उघडत. बसल्या जागी, छताखाली, अंधारात. मागचे लोक आधी हसत, मग शिट्ट्या मारत, मग गुरुजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. पाट्या संपल्या की गुरुजी छत्री मिटत आणि मागे वळून अदबीनं माफी मागत. काकू चार खुर्च्या सोडून बसायच्या. कोणी विचारलंच तर हे गृहस्थ कोण ते आपल्याला माहीत नाही, असं बिनदिक्कत सांगायच्या.

दुकानातून फुकट आलेल्या कॅलेंडरचं खालचं नाव कात्रीनं कापलं जाई. कापडाच्या दुकानातली पिशवी उलटी करून वापरली जाई, शिवण बाहेर आणि नाव आत. तशी पिशवी घेऊन भाजी आणायला मला लाज वाटायची. एकदा मी तसं बोललो, तर म्हणाले, "वांगे माहे, हात माहा दुखते, अन् मिरवणूक त्या दुकानदाराची. हा कोणत्या गावचा कायदा आहे गा?" मी शिवण बाहेर काढलेली पिशवी उचलली आणि बाजारात गेलो.

पण या सगळ्याचा कळस म्हणजे फाटकाजवळचा फळा. शाळेनं भंगारात काढलेला काळा फळा गुरुजींनी आणून रस्त्याकडे तोंड करून उभा केला होता आणि वर पत्र्याचं छप्पर घातलं होतं. रोज सकाळी त्यावर वर्तमानपत्र चिकटायचं. दोन्ही बाजू वाचता याव्यात म्हणून दोन प्रती, पदरच्या पैशानं. कोराडीला जाणाऱ्या बसचा थांबा बरोबर समोर होता. वीज केंद्रात ड्युटीला निघालेली माणसं, जरीपटक्यातून सामान घेऊन परतणाऱ्या तिथल्या कॉलनीतल्या बाया, आमच्या गल्लीतले म्हातारे, सगळे बस येईपर्यंत फळ्यासमोर उभे. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्यानं मोठ्यानं वाचून दाखवायचं, असा तिथला रिवाज होता.

आणि वर्तमानपत्र चिकटण्याआधी त्याची शस्त्रक्रिया व्हायची. गुरुजी ओसरीवर बैठक मारत. समोर काकूंनी शिजवलेली खळीची वाटी, शेजारी वह्यांना कव्हर घालायचा खाकी कागद. पानावरची एकेक जाहिरात मोजून तेवढंच ठिगळ कापायचं आणि नीट दाबून बसवायचं. कोरं ठिगळ वाईट दिसतं म्हणून त्यावर पेन्सिलीनं चित्र. टॉनिकच्या जागी सायकल, साबणाच्या जागी संत्र्याची टोपली. काकूंचं म्हणणं होतं की घरातल्या पोळ्यांपेक्षा जास्त कणीक पेपरच खातो.

हे सगळं काहून, असं मी एकदा धीर करून विचारलं. गुरुजी नेहमीसारखे तावातावानं बोलले नाहीत. त्यांचे वडील अंगठाबहाद्दर होते. कागद घेऊन कोणाच्या तरी दारात उभे राहत, आणि तो माणूस मनाला येईल ते वाचून दाखवी. "लिहिलं असे एक, अन् माह्या बापाले वाचून दाखवत दुसरंच," ते म्हणाले. "आमच्या घरात वाचणं लय कष्टानं आलं गा. म्हणून मले छापलेलं खरं पाहिजे. हा तेलवाला म्हणते, सात दिवसांत केस. माह्या फळ्यावर मी त्याले खोटं बोलू देऊ?" त्या दिवसानंतर मी त्यांच्या ठिगळांना मनातल्या मनातसुद्धा हसलो नाही. म्हणजे फारसं नाही.

आता माझी नोकरी काय होती ते सांगतो, म्हणजे माझी पंचाईत कळेल. एका छोट्या छापखान्यातून चार पानांचं साप्ताहिक निघायचं. फुकट वाटायचं. त्यासाठी दुकानोदुकानी फिरून जाहिराती गोळा करायच्या, हे माझं काम. खोली घेताना मी आपलं 'छापखान्यात आहे' एवढंच म्हटलं होतं.

गुरुजींना आमचं साप्ताहिक फार आवडायचं. राशन दुकानात घासलेट कधी येणार, नळाची वेळ कुठे बदलली, कोणत्या शाळेत अजून प्रवेश चालू आहेत, कोराडीची बस कोणत्या वळणाने जाणार, असल्या कामाच्या गोष्टी त्यात असत. मोठ्या वर्तमानपत्राला मोठ्या देशाची काळजी. आमच्याला गल्लीची. त्यामुळे फळ्यावर आमच्या पेपराला मानाची जागा होती, अर्थातच ठिगळांसकट. एके दिवशी जेवताना गुरुजींनी कौतुकानं विचारलं, एवढा चांगला पेपर फुकट देतो तो दानशूर कोण. मी पाण्याचा पेला उचलला. पण विचारलंच होतं, तर सांगून टाकलं. दुकानदार जाहिरातीचे पैसे देतात, त्यात कागद येतो, शाई येते आणि मी जेवतो.

गुरुजींनी हातातला घास पानात परत ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे पेपर वाचणाऱ्यासाठी नाई. वाचणारा दुकानदारासाठी. बाजारातल्या कोंबडीलेही दाणे फुकटच भेटते गा." काकूंनी माझ्या पानात भाजी वाढली आणि कोंबडीला जेवू द्या म्हणाल्या. खोली रिकामी करायला सांगतील अशी मला भीती होती, तसं काही झालं नाही. ठिगळंही चालूच राहिली.

असं छान चाललं होतं, तोवर दिवाळी जवळ आली. आमचा सगळ्यात मोठा जाहिरातदार म्हणजे जरीपटक्यातला एक कापड व्यापारी. स्वभावानं दिलदार, बोलणं हिंदी-मराठीची खिचडी. त्या दिवाळीत त्यानं अख्खं अर्धं पान घेतलं, 'रंग जाणार नाही याची हमी' अशा ठसठशीत अक्षरांत. मग पाहुणा म्हणून आलेल्या जावयाला आपलं नाव बसथांब्यावर लोक कसं वाचतात ते दाखवायला तो ऐटीत फळ्यापाशी आला. पाहतो तर अर्ध्या पानावर खाकी कागद, आणि कागदावर चरणारी बकरी. गर्दी बकरीचं कौतुक करत होती. व्यापारी जावयाकडे वळून एवढंच म्हणाला, "इसके नीचे मैं हूं."

दुसऱ्या दिवशी तो छापखान्यात हजर. खाकी कागदाचे पैसे मी देत नाही, म्हणाला. कोराडीची पगारदार गिऱ्हाइकं ज्या फळ्यावर वाचतात तिथेच नाव झाकलं जात असेल, तर जाहिरात द्यायची कशाला? हे कानोकानी झालं, आणि चष्मेवाला, घड्याळवाला, भांडीवाला असे एकेक गळायला लागले. आमचे संपादक म्हणजे छापखान्याचे मालक तेच, मुद्रक तेच आणि मशीन अडलं तर हात काळे करणारेही तेच. बिचारे रागावलेसुद्धा नाहीत. बकरीवर पेपर चालत नाही, एवढं म्हणाले. घरमालकांना समजाव, नाहीतर पेपर बंद, आणि पेपर बंद म्हणजे तूही मोकळा.

मी घरी येऊन गुरुजींच्या समोर बसलो. हात जोडले, विनवण्या केल्या. आमच्या पेपरापुरती तरी ठिगळं लावू नका म्हटलं. गुरुजी ढिम्म. आपल्या फळ्यावर कोणा दुकानदारानं ओरडलेलं चालायचं नाही, म्हणाले. मग आमचा पेपरच लावू नका म्हटलं, तर ते चिडले. घासलेट कधी येते ते लोकांना कोण सांगणार, म्हणाले. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "गुरुजी, घासलेटचं मी नाई सांगून राहिलो, अन् संपादकही नाई. तो कापडवाला सांगून राहिला, त्याच्या पैशानं. अन् तुम्ही त्याच्याच तोंडावर बकरी चिकटवून राहिले." असं बोलून मी खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. माझी नोकरी जाणार होती, आणि ज्याच्यामुळे जाणार होती त्याच्याच घरात मी जेवत होतो.

त्या आठवड्यात पेपर निघाला नाही. फळ्यावर आमची जागा उघडी पडली आणि बसथांब्यावरचे लोक फाटकातून हाका मारून विचारू लागले. गल्लीतली एक म्हातारी घासलेटला मुकली. ती रिकामा डबा घेऊन थेट गुरुजींच्या ओसरीवर आली. "गुरुजी, या वेळी तुमच्या फळ्यानं काहून नाई सांगितलं?" एवढंच तिनं विचारलं. गुरुजींनी काकूंना सांगून आपल्या घरातलं घासलेट तिच्या डब्यात ओतलं. त्या संध्याकाळी रेडिओ लागला नाही.

पण हार मानतील तर ते गुरुजी कसले. दुसऱ्या दिवशी फळ्याला एक टिनाचा डबा लटकला. पेपर हवा असेल तर वाचणाऱ्यांनी यात ऐपतीप्रमाणे टाका, असं त्यावर सुरेख अक्षरात लिहिलं होतं. दुकानदाराची मिंधेगिरी नको. कल्पना उत्तम होती. डबा उघडला तेव्हा त्यात थोडी चिल्लर निघाली, खूपशी बसची जुनी तिकिटं निघाली, शर्टाचं एक बटण निघालं आणि 'बकरीचं चित्र परत काढा' अशी एक चिठ्ठी निघाली. त्या चिल्लरीत छापखान्याची शाईसुद्धा आली नसती. गुरुजींनी ते बटण नीट पाहून खिशात टाकलं, कोट चढवला, छत्री घेतली आणि मला म्हणाले, चल गा.

आम्ही जरीपटक्यात व्यापाऱ्याच्या गादीवर जाऊन बसलो. गुरुजींनी नमस्कार करून सरळ सांगितलं की तुमचं म्हणणं खरं निघालं तर मी ठिगळ लावणार नाही. खरं आहे की नाही ते सगळ्यांसमोर पाहू. रंग जात नाही म्हणता ना, मग धुऊन दाखवू. व्यापाऱ्याच्या अंगात दुकानदारी भिनलेली. एवढ्या गर्दीसमोर फुकटात आपलं नाव होणार म्हटल्यावर तो लगेच तयार झाला.

संध्याकाळी बसच्या वेळेला फळ्यासमोर बादली ठेवली. कोराडीच्या लोकांनी एक बस मुद्दाम सोडून दिली. व्यापाऱ्यानं स्वतः निरनिराळ्या रंगांचे तुकडे आणले होते. धुणार काकू, कारण गुरुजींनी जन्मात रुमालही धुतलेला नव्हता. काकूंनी पदर खोचला. हिरवा बुडवला, चोळला, आपटला, पाणी स्वच्छ. निळा, पाणी स्वच्छ. पिवळा, पाणी स्वच्छ. व्यापारी मिशीत हसू लागला आणि माझ्या जिवात जीव आला. मग काकूंनी लाल बुडवला. पाणी आधी गुलाबी झालं आणि मग बघता बघता बीट उकळल्यासारखं झालं.

गुरुजींनी खिशातून खाकी कागद काढला. मला समोर माझी कुहीची बस दिसायला लागली. व्यापारी ओशाळून पुटपुटला की लाल आहे, पहिल्या धुण्यात थोडा जाणारच, सगळ्यांचाच जातो. तेव्हा कापड पिळत काकू म्हणाल्या, "मंग तसंच लिहा ना, भाऊ."

व्यापाऱ्यानं काकूंकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हसला. पुढच्या आठवड्यात पेपर निघाला. अर्ध्या पानावर होतं, 'लाल सोडून आमचा कोणताही रंग जात नाही. लाल पहिल्यांदा वेगळा धुवा.' गुरुजींनी ओसरीवर ते पान मांडीवर घेऊन अक्षर न् अक्षर वाचलं, कात्री बाजूला ठेवली आणि पान जसंच्या तसं फळ्यावर चिकटवलं. त्या फळ्यावर उघडी राहिलेली ती पहिली जाहिरात. आणि गंमत पाहा, त्या दिवाळीत त्याच्याकडचं लाल कापड सगळ्यात आधी संपलं. जो आपल्या मालातली खोट स्वतःहून सांगतो तो बाकीचं खरंच सांगत असणार, असा बायांनी हिशेब केला.

मग काय विचारता! फळ्यावर उघडं राहणं ही जरीपटक्यात इभ्रतीची गोष्ट झाली. चष्मेवाल्यानं 'तासाभरात' खोडून 'उद्या या' केलं. घड्याळवाल्यानं लिहिलं की पाण्यात पडलेलं घड्याळ आणू नका, मला जमत नाही. मिठाईवाल्यानं परस्पर पेढ्यांचा डबा घरी पाठवला. काकूंनी आणि मी तो खाल्ला, पेढे खरंच चांगले होते, पण लाच दिली म्हणून गुरुजींनी त्याच्यावर दिवाळीपासून होळीपर्यंत ठिगळ ठेवलं. सगळ्यात हाल झाले तेलवाल्याचे. त्यानं केस येण्याची हमी दिली होती, आणि ती तपासायला गुरुजींचं डोकं आयतंच तयार होतं. गुरुजी रोज नेमानं तेल चोळत. तेलवाला रोज बसथांब्यावर येऊन लांबूनच ती टाळू न्याहाळून जाई. शेवटी त्यानं जाहिरातीत 'डोकं थंड राहते' एवढंच ठेवलं. काकूंचं मत होतं की यांच्या बाबतीत तेही खोटं आहे.

गुरुजी मात्र बदलले नाहीत. रेडिओची बोटं तशीच, सिनेमातली छत्री तशीच. मी म्हटलं, आता तर जाहिरातींशी दोस्ती झाली ना? तर म्हणाले, "रेडिओवाल्याले बादलीत बुडवता येते काय?" मला पुढे लग्न करून दुसरीकडे घर घ्यावं लागलं, पण दर आठवड्याला ताज्या प्रती घेऊन मी स्वतः जात असे. संपादक थकले तेव्हा पेपर माझ्याच गळ्यात पडला. काही छापण्याआधी माझ्या डोळ्यांसमोर ती लाल बादली यायची, आणि माझा बराच मजकूर आपोआप लहान व्हायचा.

गुरुजी गेले ते थंडीच्या दिवसांत, दुपारी, खुर्चीतच. बोटं बटणावर होती म्हणतात. मी सुन्न झालो होतो. पेपर त्याच दिवशी मशीनवर चढायचा होता, आणि माझ्या हातून एक शब्द लिहून होईना. छापखान्यात निधनाच्या निवेदनाचा मजकूर जुळवूनच ठेवलेला असतो, कोणी गेलं की फक्त नाव बदलायचं. मी तेच केलं. गुरुजींचं नाव घातलं, पुण्यानुमोदनाच्या विधीचा दिवस घातला आणि सोडून दिलं.

सकाळी प्रती घेऊन गेलो तर काकू ओसरीवर बसल्या होत्या. समोर खळीची वाटी, खाकी कागद, कात्री. पान फळ्यावर लावलं आणि काकू त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. बसथांब्यावरची माणसं मागे गोळा झाली. काकू बोट ठेवून वाचू लागल्या. गुरुजींनीच शिकवलं होतं त्यांना वाचायला, लग्नानंतर. 'शांत स्वभावाचे.' काकूंनी माझ्याकडे पाहिलं, बारीक पट्टी कापली आणि त्या शब्दांवर चिकटवली. 'मितभाषी' म्हणजे काय ते मला विचारलं. कमी बोलणारे, असं मी सांगितलं, तर मागे कोणीतरी खुदकन हसलं, आणि काकूही हसल्या. त्याच्यावरही पट्टी. 'प्रेमळ' राहू दिलं. 'सर्वांच्या मदतीला धावून जाणारे' यावर जरा विचार केला, म्हातारीच्या घासलेटच्या डब्याची आठवण काढली आणि तेही राहू दिलं. मला लाज वाटत होती, हसू येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

शेवटची ओळ सगळ्यांच्या निवेदनात असते तीच होती. त्यांच्या जाण्याने कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली आहे. काकूंच्या हातात खळ लावलेली पट्टी तयार होती. त्यांनी ती ओळ एकदा वाचली. बोट मागे नेऊन परत वाचली. मग पट्टी वाटीत ठेवून दिली आणि पदराला हात पुसले.

"हे राहू दे गा," त्या म्हणाल्या. "हे खरं आहे."